सिरॉसिस नाही, तरी लिव्हरचा कॅन्सर कसा?

मागच्या अंकात फॅटी लिव्हरवर दोन पानं लिहिली होती आणि शेवटी एक ओळ टाकली होती की लिव्हरचा कॅन्सर दारू न पिणाऱ्यालाही होतो, आणि कधी कधी सिरॉसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी घट्ट नि खवल्याखवल्याचं होणं, तो नसतानाही होतो. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की बाकीची दोन पानं कोणी वाचली की नाही असा मला डाऊट आहे. म्हणून यावेळी सगळी जागा याच विषयाला देतोय. नावं काढून टाकलीत, लांब पत्रं छाटलीत. आणि एक आधीच सांगतो, खाली जिथे जिथे लिव्हरचा कॅन्सर म्हणतोय तिथे लिव्हरच्याच पेशींतून सुरू होणारा, रिपोर्टवर एचसीसी लिहितात तो. आतड्याचा किंवा स्तनाचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरला तर तो प्रकार वेगळा आणि त्याची औषधंही वेगळी.

प्रश्न : माझे बाबा ६३ वर्षांचे, माळकरी, आयुष्यात दारूचा थेंब नाही. शुगर १५ वर्षांपासून, पोट जरा सुटलेलं. दिवाळीनंतर उजव्या बरगडीखाली जड वाटायचं, आम्ही गॅस समजून ओवा नि सोडा देत राहिलो. फेब्रुवारीत सोनोग्राफी केली तर ९ सेंटिमीटरची गाठ. सीटीवर लिव्हरचा कॅन्सर असावा असं लिहिलंय आणि खाली 'सिरॉसिस दिसत नाही' असंही. आता नातेवाईक कुजबुजतात की लपून पीत असतील, आईला ते ऐकून जेवण जात नाही. वरून शेजारच्या काकांना हाच कॅन्सर निघाला तेव्हा बायोप्सी न करताच सांगितलं होतं आणि गाठ ३ सेंटिमीटरची असून ऑपरेशन जमणार नाही म्हणाले. बाबांची ९ ची, तर म्हणतात बायोप्सी करू आणि मग अर्धं लिव्हर काढू. हे सगळं उलटं काऊन? (एक मुलगी, मानेवाडा)

उत्तर : ताई, आधी आईला हे वाचून दाखवा. या आजारावरून बाबा पीत होते असं कोणीच म्हणू शकत नाही. लिव्हरच्या कॅन्सरच्या १० पेशंटमध्ये ८-९ जणांना आधीपासून सिरॉसिस असतो हे खरंय, आणि आपल्याकडे सिरॉसिस म्हटलं की दारू एवढंच डोक्यात बसलंय, म्हणून लोक हिशोब लावतात की कॅन्सर म्हणजे सिरॉसिस आणि सिरॉसिस म्हणजे बाटली. दोन्ही जागी हिशोब चुकतो. सिरॉसिस हेपेटायटिस बी-सी नं होतो, चरबीनं होतो, अंगात लोह साठल्यानं होतो. आणि उरलेले १-२ जण असे असतात की त्यांना सिरॉसिस नसतानाच गाठ येते, बाबा त्यांतले दिसताहेत. १५ वर्षांची शुगर नि पोटाचा घेर हे कारण पुरेसं आहे, नुसत्या डायबेटिसनं हा धोका साधारण दुप्पट होतो, आणि चरबीवाल्या लिव्हरमध्ये सिरॉसिसची पायरी न चढता थेट कॅन्सरला पोचलेले लोक आम्हाला आता पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. तरी हेपेटायटिस बी आणि सी तपासून घ्या, आणि बी साठी नुसतं एचबीएसएजी (व्हायरस आत्ता अंगात आहे का ते सांगणारी तपासणी) नको, अँटी-एचबीसी टोटल (पूर्वी कधी लागण झाली होती का ते सांगणारी) पण करा. घरात लपून काही असेलच तर तो जुना बी असू शकतो, बाटली नाही.

आता उलटं काऊन ते. शिकत होतो तेव्हा पोस्टमॉर्टमच्या टेबलावर दोन लिव्हर शेजारी शेजारी ठेवलेले बघितले ते अजून डोळ्यासमोर आहेत. एक गुळगुळीत, ओलं, बोट लावलं तर दबणारं. दुसरं सिरॉसिसचं, वरून सीताफळासारखं खवल्याखवल्याचं, आकसलेलं, आणि सर सुरी फिरवायला लागले तर कापताना कर्र कर्र आवाज. काकांचं लिव्हर हे दुसरं. गाठ ३ ची असली तरी बाजूचं सगळं दमलेलं आहे, त्यातून पाव भाग काढला तर उरलेला संसार ओढू शकत नाही, ऑपरेशन छान होतं आणि पेशंट महिन्याभरात काविळीनं नि पोटात पाणी होऊन जातो. बाबांचं लिव्हर गाठ सोडली तर पहिल्यासारखं आहे. अशा लिव्हरचा ७० टक्के भाग काढला तरी ३० टक्क्यांवर माणूस तरून जातो आणि ते काही आठवड्यांत वाढून बरंचसं भरून येतं. सिरॉसिसमध्ये कापायचंच ठरलं तर ४० टक्के तरी मागे ठेवावं लागतं, आणि तेही बिलिरुबिन (काविळीचा आकडा) ठीक असेल, प्लेटलेट फार खाली नसतील, पोर्टल प्रेशर, म्हणजे आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या पोर्टल व्हेन या शिरेतला दाब, चढलेलं नसेल तरच. म्हणून गाठ केवढी एवढंच विचारून उपयोग नसतो, मागे काय उरणार ते विचारायचं. बाबांची डावी बाजू छोटी पडतेय असं वाटलं तर आधी उजव्या बाजूची पोर्टल व्हेन आतून बंद करतात, ४-६ आठवडे थांबतात, तेवढ्यात डावी बाजू वाढते आणि मग कापतात. तसं सुचवलं तर वेळ घालवताहेत असं समजू नका.

बायोप्सीचं पण असंच आहे. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं, साधारण ७५ टक्के पोर्टल व्हेनमधून आणि २५ टक्के धमनीतून. कॅन्सरची गाठ मात्र आपलं जवळजवळ सगळं रक्त धमनीतूनच ओढते. ट्रिपल फेज सीटीत डाय सोडल्यावर पहिल्या फोटोत, म्हणजे डाय अजून धमनीतच असतो तेव्हा, गाठ पांढरी चमकते, आणि पुढच्या फोटोंत बाजूचं लिव्हर उजळतं तशी गाठ काळी पडते. याला वॉशआऊट म्हणतात, तुमच्या रिपोर्टात शोधा, हा शब्द सापडेल. सिरॉसिसच्या पेशंटमध्ये १ सेंटिमीटरच्या वरची गाठ अशी चमकून काळी पडली तर ती दुसरं काही असण्याची शक्यता इतकी कमी असते की जगभर बायोप्सीशिवाय निदान मानतात. काकांचं तसंच झालं. सिरॉसिस नसेल तर मात्र हा नियम लागत नाही, कारण चांगल्या लिव्हरमध्ये अशा दिसणाऱ्या दुसऱ्याही गाठी असतात, अ‍ॅडिनोमा नावाची साधी, कॅन्सर नसलेली गाठ असते, दुसरीकडून पसरलेला कॅन्सर असतो, तरुण मुलामुलींमध्ये फायब्रोलॅमेलर नावाचा वेगळाच प्रकार असतो ज्यात एएफपी (रक्तात तपासतात ती लिव्हरच्या कॅन्सरची खूण) बहुतेक वेळा नॉर्मल येतं. म्हणून बाबांना तुकडा लागतो. सुईनं कॅन्सर पसरतो ही भीती सगळ्यांना असते, सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचं प्रमाण १०० त २-३ च्या आसपास आहे, शून्य नाही पण बाऊ करावा इतकंही नाही. आणि गाठ काढायचीच आहे असं सर्जनचं नक्की असेल तर कधी कधी बायोप्सी टाळून सरळ ऑपरेशनच करतात, तेही चूक नाही. त्याआधी आतडं आणि पोट दुर्बिणीनं बघून घ्या असं म्हणतील, ते करा.

अजून एक, ऑपरेशन झाल्यावर पॅथॉलॉजीला गाठीबरोबर बाजूच्या लिव्हरचा पण रिपोर्ट द्यायला सांगा. सीटीत सिरॉसिस न दिसणं आणि खरोखर नसणं यात कधी कधी फरक निघतो, आणि पुढची सगळी देखरेख त्यावर ठरते. हा कॅन्सर परत येऊ शकतो, चांगल्या लिव्हरमध्येही येतो, त्यामुळे पहिली दोन वर्षं दर ३-४ महिन्यांनी स्कॅन चुकवू नका. नातेवाइकांचं काय करायचं ते तुम्ही बघा, मी असतो तर त्यांनाच फायब्रोस्कॅनला, म्हणजे लिव्हर किती घट्ट झालंय ते मोजणाऱ्या तपासणीला, पाठवलं असतं.

प्रश्न : माझ्या मिस्टरले सिरॉसिस हाय, दारूचा. ४७ वर्षाचे हायेत. दोन वर्षं झाले सोडून, पोटातलं पाणी उतरलं, भूक लागते, वावरात जातात. मग डॉक्टर दर सहा महिन्यानं सोनोग्राफी न् ते एएफपी काऊन करायले लावतात? बसनं नागपूरले या, एक दिवस मोडते, मजुरी जाते. गावातले म्हणतात हे पैसे कमवायचे धंदे हायेत. (काटोल तालुका)

उत्तर : वहिनी, दोन वर्षं दारू सोडून राहणं ही ओपीडीतल्या कुठल्याही औषधापेक्षा मोठी गोष्ट आहे, ती त्यांनी केली, त्यांना माझा नमस्कार सांगा. पण सिरॉसिसची गंमत अशी आहे की आग विझली तरी जळालेलं घर जळालेलंच असतं. आपल्याकडे सिमेंटचा रोड करतात, मग पाइपलाइनसाठी फोडतात, पॅच मारतात, पुन्हा केबलसाठी फोडतात, पुन्हा पॅच, तसं त्यांच्या लिव्हरनं वर्षानुवर्षं केलंय. पेशी मेली की नवीन, ती मेली की अजून नवीन, आणि प्रत्येक वेळी नवी पेशी बनवताना जनुकांची नक्कल करावी लागते, इतक्या नकला केल्या की एखादी चुकते. ती चुकलेली पेशी आज तिथे बसलेली आहे का ते त्यांच्या भुकेवरून कळत नाही. सिरॉसिस असलेल्या १०० लोकांत दर वर्षी कारणानुसार साधारण १ ते ४ जणांना कॅन्सर होतो. १० वर्षांचा हिशोब तुम्हीच करा.

आणि सहाच महिने का, तर गाठीला आकार दुप्पट करायला साधारणपणे ४ ते ६ महिने लागतात. २ सेंटिमीटरची असताना सापडली तर सुई घालून जाळता येते, आरएफए किंवा मायक्रोवेव्ह म्हणतात, दोन-तीन दिवसांत माणूस घरी. वर्षभर गेलो नाही आणि ती पोर्टल व्हेनमध्ये शिरली तर मग जाळणं, कापणं, बदलणं तिन्ही हातातून जातं. तोपर्यंत दुखत मात्र नाही, लिव्हरच्या आत दुखण्याची नसच नसते, वरचं आवरण ताणलं गेलं की मगच दुखतं. हा कॅन्सर सिरॉसिसवाल्याला एका अर्थानं सांगून येतो, म्हणजे कुणाला येऊ शकतो ते आधी माहीत असतं, फक्त कधी ते माहीत नसतं. मानेवाड्याच्या ताईंच्या बाबांना ती सोय नव्हती, त्यांना कोणी सहा महिन्यांनी बोलावलंच नसतं.

एएफपी सोबत का? सोनोग्राफीत सुरुवातीच्या सगळ्याच गाठी दिसतात असं नाही, पोटात गॅस असला, पेशंट जाड असला तर अजून कठीण. आणि एएफपी एकट्यानं भरवशाचं नाही, बऱ्याच छोट्या गाठींत ते नॉर्मल असतं. दोघं मिळून बरं काम करतात. एएफपी २० च्या वर गेलं किंवा सोनोग्राफीत १ सेंटिमीटर वा मोठी गाठ दिसली तर पुढचा ट्रिपल फेज सीटी किंवा एमआरआय. तालुक्याला चांगली सोनोग्राफी होत असेल तर तिथेच करा, दर वेळी नागपूरला यायची गरज नाही, फक्त चिठ्ठीवर 'सिरॉसिस, गाठ आहे का बघणे' असं लिहून न्या, आणि जुना रिपोर्ट सोबत ठेवा. पेरणीच्या आधी एक नि दिवाळीनंतर एक असं ठरवून टाका, लक्षात राहतं.

आणि तुम्ही पत्रात लिहिलं होतं की मधे कावीळ वाटली म्हणून गावातल्या एकाकडून 'उतरवून' घेतली, चुन्याच्या पाण्यात हात धुतले तर पाणी पिवळं झालं. वहिनी, हाताला आधी झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो, तो चुन्यात पिवळा होतो. माझेही हात धुतले तरी होईल. सिरॉसिसवाल्याचे डोळे पुन्हा पिवळे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर. गुळवेलीचा काढा पण बंद करा, त्यानं लिव्हरला सूज आलेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच नोंदवलेत.

प्रश्न : तुमचा लेख वाचून झोप उडाली. वय ५५, फॅटी लिव्हर ग्रेड २. सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होतो तर मग दर सहा महिन्यांनी सीटी, पेट स्कॅन आणि कॅन्सर मार्करचं पूर्ण पॅकेज करून घेऊ का? एका लॅबची ऑफर पण आहे. (धरमपेठ)

उत्तर : नाही. ऑफर राहू द्या. देशात दर ३-४ मोठ्या माणसांत एकाला फॅटी लिव्हर आहे, त्यातल्या सिरॉसिस नसलेल्या एकेका माणसाचा कॅन्सरचा धोका इतका बारीक आहे की सगळ्यांना स्कॅनमध्ये घालून फायदा कमी आणि नको त्या गाठी सापडून ताप जास्त. तुम्हाला खरा प्रश्न हा विचारायचाय की माझं लिव्हर किती घट्ट झालंय, आणि त्याचा पहिला अंदाज घरी बसून येतो. तुम्ही रिपोर्ट पाठवलाच आहे तर करूनच दाखवतो. वय ५५, एसजीओटी ४८, एसजीपीटी ३६ (लिव्हरच्या रक्ततपासणीतले दोन आकडे), प्लेटलेट १ लाख ८० हजार. वय गुणिले एसजीओटी म्हणजे २६४०. खाली प्लेटलेट हजारांत, १८०, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, ३६ चं ६, म्हणजे १०८०. २६४० भागिले १०८०, उत्तर २.४४. याला फिब-४ म्हणतात. १.३ च्या खाली असतं तर मी म्हटलं असतं निवांत राहा, वजन कमी करा, दोन-तीन वर्षांनी पुन्हा बघू. २.६७ च्या वर असतं तर लगेच लिव्हरवाल्याकडे पाठवलं असतं. तुम्ही मधे लटकताय, तेही वरच्या टोकाला, तर पॅकेजच्या पैशात फायब्रोस्कॅन करा. १० किलोपास्कलच्या खाली आलं तर बहुतेक सुटलात, १५ च्या वर गेलं तर वरच्या काटोलच्या दादांच्या रांगेत, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. ग्रेड १, ग्रेड २ या गोष्टीला मी फारसा भाव देत नाही, ती चरबीची चमक आहे, व्रण किती पडलेत ते त्यात कळत नाही. तुमची सगळी कहाणी रिपोर्टच्या पहिल्या पानावर प्लेटलेटच्या रकान्यात होती आणि कोणी बघितली नाही.

प्रश्न : २७ वर्षं. कॉलेजच्या कॅम्पमध्ये रक्तदान केलं आणि हेपेटायटिस बी पॉझिटिव्ह आहे असं कळवलं. एसजीपीटी नॉर्मल, रक्तातल्या व्हायरसचा डीएनए ८००, फायब्रोस्कॅन नॉर्मल. डॉक्टर म्हणाले इनॅक्टिव्ह आहे, औषध नको. मग कळलं आई पण पॉझिटिव्ह, आणि मामा ४४ व्या वर्षी लिव्हरच्या कॅन्सरनं गेले होते. घरी स्थळं बघताहेत, सांगू की नको? मला सिरॉसिस नाही तर मी सेफ आहे ना? (सदर)

उत्तर : दादा, सगळ्या पत्रांत मला सगळ्यात जास्त काळजी तुझ्या पत्राची वाटली, आणि ती तुझी नाही, तुझ्या आईची. पण आधी तुझं.

हेपेटायटिस सी साधारणपणे आधी लिव्हर खराब करतो, मग कॅन्सर. बी ची चाल वेगळी. बी चा व्हायरस आपल्या डीएनएचे तुकडे थेट आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो, एखाद्यानं सातबाऱ्यावर परस्पर नाव चढवावं तसं, आणि ते चुकीच्या जागी चढलं तर पेशी बेफाम होते, सिरॉसिस असो वा नसो. म्हणून बी मध्ये सिरॉसिस नाही म्हणजे सेफ हे वाक्य चालत नाही. आशियातल्या बी च्या पेशंटमध्ये सिरॉसिस नसला तरी पुरुषांना ४० नंतर आणि बायकांना ५० नंतर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगतात, आणि घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर वयाची वाट न बघता. तुझे मामा ४४ ला गेले, तेव्हा तू आत्तापासून सुरू कर. डीएनए नि एसजीपीटी पण दर सहा महिन्यांनी, कारण इनॅक्टिव्ह हा शब्द आजचा आहे, तो कायमचा शिक्का नसतो. पुढे डीएनए वाढला तर टेनोफोविरची रोज एक गोळी असते, सरकारच्या हेपेटायटिस कार्यक्रमात, जो २०१८ च्या २८ जुलैला सुरू झाला, ती फुकट मिळते, मेडिकल कॉलेजात चौकशी कर. (२८ जुलै का, तर बी चा व्हायरस शोधणारे बरूच ब्लमबर्ग यांचा तो वाढदिवस, त्यांना १९७६ चं नोबेल मिळालं.)

आता आई. तुला बहुतेक आईकडून जन्माच्या वेळी लागला, आईला नि मामांना आजीकडून. मोठेपणी लागला तर १०० तले ९५ लोक आपोआप बरे होतात, बाळाला लागला तर १०० तल्या ९० मध्ये तो जन्मभर राहतो. म्हणजे आईच्या लिव्हरमध्ये हा पन्नासेक वर्षं बसलाय आणि तिचा सख्खा भाऊ याच कॅन्सरनं गेलाय. तिची सोनोग्राफी, एएफपी, डीएनए, फायब्रोस्कॅन या आठवड्यात. ती म्हणेल मला काय धाड भरलीय, आधी तुझं लग्न होऊ दे. ऐकू नको. बाकी भावंडं, मावशी, मामांची मुलं, सगळ्यांचं एचबीएसएजी कर, निगेटिव्ह निघतील त्यांना लस.

लग्न? सांगायचं. लपवून केलेलं लग्न पहिल्या बाळंतपणातल्या रक्ततपासणीतच घरभर होतं. आणि सांगण्यासारखं आहे, कारण उपाय साधा आहे, होणाऱ्या बायकोला शून्य, एक आणि सहा महिन्यांवर तीन इंजेक्शनं, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासायची, विषय संपला. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं पसरत नाही. ब्लेड आणि ब्रश तेवढे वेगळे ठेव. लस सगळ्या बाळांना जन्मल्यापासून २४ तासांत मिळावी, तैवाननं १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस सुरू केली आणि पुढे तिथे मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर ठळक घटला. कॅन्सर टाळणारी पहिली लस म्हणतात ती हीच.

प्रश्न : शेंगदाण्याला बुरशी लागली तर लिव्हरचा कॅन्सर होतो असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. आम्ही कळमन्यातून पोतं आणून ठेवतो. फेकू का? (एक आजी, महाल)

उत्तर : आजी, यावेळी व्हॉट्सअ‍ॅप खरं बोललं. ओलसर साठवलेल्या शेंगदाण्यावर नि मक्यावर अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी वाढते, ती अफ्लाटॉक्सिन सोडते, आणि ते लिव्हरमधल्या पी-५३ नावाच्या राखणदार जनुकात एका ठरलेल्या जागी बिघाड करतं. हेपेटायटिस बी असलेल्या माणसात दोन्ही मिळून धोका कितीतरी पटीनं वाढतो. पोतं फेकू नका, पावसाळ्याआधी संपेल एवढंच आणा, कोरड्या डब्यात ठेवा, आणि निवडताना सुरकुतलेले, काळपट, हिरवट दाणे बाजूला काढा. भाजल्यानं हे विष पूर्ण जात नाही, म्हणून खवट दाणा चटणीत खपवायचा नाही. चिवडा खाताना तोंडात एखादा कडू दाणा आला की आपण तो तसाच गिळतो, तो थुंकायचा.

प्रश्न : १९९५ ला सिझर झालं तेव्हा रक्त चढवलं होतं. तीन वर्षांपूर्वी हेपेटायटिस सी आणि सिरॉसिस निघाला. १२ आठवडे गोळ्या घेतल्या, व्हायरस गेला. आता तपासणी थांबवू? (इंदोरा)

उत्तर : नाही ताई. व्हायरस गेला, सीताफळ राहिलं. धोका बराच कमी झाला पण संपला नाही, सिरॉसिस होऊन गेला असेल तर सहा महिन्यांची सोनोग्राफी चालू ठेवायची. जगाला सी चा व्हायरसच १९८९ मध्ये सापडला आणि आपल्या रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये, त्यामुळे त्याआधी रक्त चढलेल्या प्रत्येकानं एकदा अँटी-एचसीव्ही (सी ची रक्ततपासणी) करून घ्यावी असं माझं मत आहे. तुमच्या भागात सिकलसेलची आणि थॅलेसेमियाची कितीतरी घरं आहेत, त्यांना हे आवर्जून सांगा. थॅलेसेमियात वारंवारच्या रक्तामुळे लिव्हरमध्ये लोह पण साठतं, म्हणजे दुहेरी मार.

प्रश्न : आमच्या शेजारच्या काकांचीच गोष्ट घ्या. सिरॉसिस, ३ सेंटिमीटरची एक गाठ. लिव्हर बदला म्हणतात. कॅन्सरवाल्याला नवीन लिव्हर देणं म्हणजे वाया घालवणं नाही का? (नंदनवन)

उत्तर : असंच पूर्वी डॉक्टरही म्हणायचे. १९९६ मध्ये इटलीत मिलानचे सर्जन माझाफेरो यांनी दाखवलं की एकच गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी प्रत्येकी ३ च्या आत, आणि शिरेत किंवा बाहेर पसरलेला नाही, असे पेशंट निवडले तर बदललेलं लिव्हर कॅन्सर नसलेल्यांइतकंच टिकतं. एका ऑपरेशनमध्ये गाठ पण जाते आणि गाठी पिकवणारं शेत पण. सिरॉसिस नसलेल्याला मात्र ट्रान्सप्लांट सहसा लागत नाही, कापणंच बरं. घरातला दाता असेल तर त्याचा साधारण ६० टक्के भाग घेतात, तो परत भरतो. दाता शोधेपर्यंत गाठ वाढू नये म्हणून जाळतात किंवा टेस करतात, म्हणजे गाठीच्या धमनीत औषध सोडून ती बंद करायची, वर सांगितलेल्या दोन वाटांचाच फायदा, धमनी बंद केली की गाठ उपाशी मरते आणि लिव्हर पोर्टल व्हेनवर जगतं. हे सगळं निसटलं असेल तर २०२० पासून अटेझोलिझुमॅब नि बेव्हासिझुमॅब ही इंजेक्शनांची जोडी आहे, पण तीसुद्धा ज्याचं लिव्हर अजून काम करतंय त्यालाच झेपते. महागडी आहे, सुरू करण्याआधी दुर्बिणीनं अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघून घ्यायला सांगा, नाहीतर रक्तस्राव होतो.

प्रश्न : कॉफीनं लिव्हरचा कॅन्सर टळतो म्हणतात, खरं का? (लक्ष्मीनगर)

उत्तर : कॉफी पिणाऱ्यांत तो कमी दिसतो, हे बऱ्याच देशांतल्या पाहण्यांत आलंय. आवडत असेल तर प्या, दोन-तीन कप, साखर जपून. पण खर्रा (तंबाखू-सुपारी) खात खात कॉफी प्यायची असेल तर मला विचारू नका.

शेवटी, हिंगण्याहून ज्यांनी वडिलांच्या सीटीचा फोटो पाठवलाय त्यांना : भाऊ, फोटो हललेला आहे आणि तुम्ही फक्त पहिलं पान पाठवलंय, त्यावर नाव, वय आणि किडनी नॉर्मल एवढंच आहे. शेवटच्या पानावर 'इम्प्रेशन' म्हणून चार-पाच ओळी असतात, त्या उजेडात धरून पुन्हा काढा, सोबत बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर आणि प्लेटलेटचे आकडे लिहा. पण पत्रात तुम्ही लिहिलंय की ते दोन दिवसांपासून दिवसा झोपताहेत आणि रात्री जागून काहीतरी बरळताहेत. ते उत्तर छापून यायची वाट बघू नका, आजच त्यांना घेऊन दवाखान्यात जा.